बॅटरी गेली, की अल्टरनेटर? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे गाडीच्या बॅटरीविषयी आहेत. त्यांतील पाच पत्रे, थोडी संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी चार वर्षांची असून बॅटरी मूळचीच आहे. थंडी पडू लागल्यापासून सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारताना इंजिन जड फिरते आणि डॅशबोर्डवरचे घड्याळ पुसले जाऊन शून्यावर येते. दुपारी मात्र गाडी सहज सुरू होते. पोवई नाक्याच्या बाजूला एका गॅरेजमध्ये गाडी नेली, तेव्हा मीटरवर इंजिन बंद असताना १२.६ आणि सुरू असताना १४.२ व्होल्ट आले. गॅरेजवाले म्हणतात, बॅटरी ठणठणीत आहे, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) उघडावा लागेल. बॅटरीच्या दुकानदाराने मात्र न मोजताच नवी बॅटरी घ्यायला सांगितले. कोणाचे ऐकावे? घरी साधा मल्टिमीटर आहे.
(एक निवृत्त शिक्षक, गोडोली, सातारा)

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे कदाचित खरे निघेल, परंतु न मोजता सांगितलेल्या निदानावर चार-पाच हजार रुपये खर्च करण्याचे कारण नाही. आपल्या दोन आकड्यांपैकी दुसरा अधिक भरवशाचा आहे. इंजिन सुरू असताना १४.२ व्होल्ट मिळत असतील, तर अल्टरनेटर (इंजिनाच्या बळावर वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र) आणि त्यातला, व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर आपले काम करीत आहेत असे प्रथमदर्शनी मानायला हरकत नाही. बहुतेक साध्या गाड्यांत हा आकडा १३.८ ते १४.७ या दरम्यान असतो. पहिला आकडा मात्र फसवा असू शकतो, कारण तो गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेल्यावर लगेच घेतलेला आहे. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीच्या प्लेटांवर काही काळ वरवरचा चार्ज टिकून राहतो आणि तेवढ्या वेळात अर्धी रिकामी बॅटरीसुद्धा मीटरवर भरलेली दिसते.

म्हणून हे माप रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर घ्यावे. त्यासाठी रात्रीच बॉनेटचा खटका ओढून ते नुसते टेकवून ठेवावे, कारण सकाळी दार उघडताच आतला दिवा आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जागी होते आणि आकडा थोडा खाली येतो. मीटर डीसी २० व्होल्टच्या पट्टीवर ठेवावा, लाल वायर मीटरच्या व्होल्टच्या भोकातच आहे ना हे एकदा पाहावे (ती १० अँपियरच्या भोकात राहिली असेल तर ठिणगी उडते आणि मीटरचा फ्यूज जातो), आणि दोन्ही टोके वायरच्या क्लॅम्पवर न टेकवता बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवावीत. बॅटरीत सहा सेल असतात आणि पूर्ण भरलेला प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. त्यामुळे विसावलेल्या, भरलेल्या बॅटरीचा आकडा १२.६ ते १२.७ येतो. १२.४ ला ती साधारण पाऊण भरलेली, १२.२ ला अर्धी आणि १२.० ला पाव समजावी. ११.९ च्या खाली ती उतरलीच म्हणायची. आकडा साडेदहाच्या आसपास अडकला असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर बहुधा एक सेल पूर्ण गेलेला असतो.

रात्रीच्या विसाव्यानंतरही आपल्याला १२.६ मिळाले, तरी प्रश्न तेथे संपत नाही. बॅटरी किती भरलेली आहे एवढेच व्होल्टेज सांगते. तिच्यात मुळात किती मावते आणि सेल्फला लागणारा शे-दीडशे अँपियरचा प्रवाह ती एका दमात देऊ शकते का, हे त्यातून कळत नाही. टाकीत निम्म्या उंचीपर्यंत गाळ साचला असला, तरी वरून पाण्याची पातळी काठोकाठच दिसते. सेल्फ मारताना घड्याळ शून्यावर येते, हे आपण लिहिलेले लक्षण म्हणूनच मला त्या १२.६ पेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण त्या क्षणी गाडीतले व्होल्टेज इतके कोसळते की घड्याळाला आपली वेळही सांभाळता येत नाही.

तेव्हा खरी परीक्षा सेल्फ मारतानाची. मीटरची टोके खुंटांवर धरून दुसऱ्या व्यक्तीस गाडी सुरू करायला सांगावे आणि आकडा कोठपर्यंत खाली जातो ते पाहावे. गाडी न्यूट्रलमध्ये असावी आणि हातब्रेक ओढलेला असावा. इंजिन सेकंदभरात लागत असेल तर साध्या मीटरला तेवढ्यात आकडा पकडता येत नाही. किमान आकडा धरून ठेवण्याची सोय मीटरमध्ये असल्यास ती वापरावी. इंजेक्शनच्या अनेक पेट्रोल गाड्यांत अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला, तर पेट्रोल तोडले जाते आणि इंजिन न लागता नुसते फिरते. ती युक्ती येथे उपयोगी पडते, मात्र चार-पाच सेकंदांहून अधिक वेळ सेल्फ मारू नये. आकडा १० च्या वर राहिला तर बॅटरी दमदार आहे. ९.६ ही सर्वसाधारण सीमारेषा मानतात. भरलेली बॅटरी साडेनऊच्या खाली जात असेल आणि इंजिनही रडत फिरत असेल, तर बॅटरीचे दिवस भरले.

याउलट, खुंटांवर ११ व्होल्ट टिकून आहेत आणि तरीही इंजिन जड फिरते आहे, असे दिसले तर बॅटरी निर्दोष ठरते आणि संशय वायरींवर किंवा सेल्फवर जातो. अशा वेळी प्रथम मीटरचे एक टोक शिशाच्या खुंटावर आणि दुसरे त्याच खुंटावर बसवलेल्या क्लॅम्पवर धरून सेल्फ मारावा. दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले असताना आकडा शून्याजवळच हवा. तो ०.२ व्होल्टच्या पुढे गेला, तर क्लॅम्प सैल आहे किंवा मध्ये पांढरट-हिरवा क्षार साचला आहे. हीच तपासणी मायनस खुंट आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये करावी. तेथे आकडा मोठा आला तर अर्थिंगची वायर खराब आहे. खाण्याचा सोडा घातलेले गरम पाणी, जुना दात घासण्याचा ब्रश आणि दहा नंबरचा पाना एवढ्या साहित्यावर क्लॅम्पची दुरुस्ती घरी होते. काढताना मायनस आधी आणि बसवताना मायनस शेवटी, हा क्रम चुकवू नये. नाहीतर प्लसच्या नटावरचा पाना गाडीच्या पत्र्याला लागून मोठी ठिणगी पडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. अंगठी आणि धातूचा पट्टा असलेले घड्याळही आधी काढून ठेवावे.

बॅटरीच्या मोठ्या दुकानांत हातात धरण्याएवढे टेस्टर असते. ते बॅटरीची थंड स्थितीतील सेल्फ फिरवण्याची क्षमता अंदाजाने दाखवते, आणि बॅटरीवर छापलेल्या आकड्याशी ती ताडून पाहता येते. मात्र तपासणीपूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज केलेली हवी, कारण केवळ उतरलेली चांगली बॅटरीसुद्धा त्या यंत्रात निकामी ठरू शकते.

जाता जाता एक गोष्ट. साताऱ्यात बॅटरी जाण्याचे खापर थंडीवर फोडले जाते, पण बॅटरीची खरी झीज एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेटखाली झालेली असते. उष्णतेने आतील जाळी गंजते आणि पाणी उडते. डिसेंबरातल्या सकाळी तेल घट्ट होऊन इंजिन जड झाले की ती झीज उघडी पडते, इतकेच. मोजल्यानंतर बॅटरीच गेली असे ठरले, तर चार वर्षे हे तिचे वाईट आयुष्य नव्हे.

प्रश्न : गाडी रोज विश्रामबागहून मार्केट यार्डापर्यंत आणि परत एवढीच फिरते, कधी हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत आठ-दहा दिवस जागची हलतही नाही. दोन आठवड्यांतून एकदा तरी जंप स्टार्ट (दुसऱ्या बॅटरीच्या मदतीने सुरू) करावी लागते. बॅटरी बदलली, तरी तेच. अल्टरनेटर तपासला, १४.३ व्होल्ट देतो.
(एक व्यापारी, सांगली)

उत्तर : नवी बॅटरीही तशीच उतरते आणि अल्टरनेटर भरतो आहे, तर गाडी बंद असताना कोणीतरी बॅटरी पीत आहे, असे समजून शोध घ्यावा. गाडी सुरू करण्यातच बॅटरी संपते ही समजूत खरी नाही. दीडशे अँपियरचा प्रवाह दोन सेकंद वाहिला तर खर्च होतो तो एका अँपियर-तासाच्या (एक अँपियर प्रवाह तासभर) दहाव्या भागाहूनही कमी. पण कुलूप लावलेली गाडी घड्याळ, अलार्म आणि कॉम्प्युटरच्या स्मृतीसाठी थोडा प्रवाह सतत घेतच असते. तो ५० मिलिअँपियरपर्यंत असणे सामान्य मानतात. एवढ्यानेसुद्धा दिवसाला १.२ आणि पंधरा दिवसांत १८ अँपियर-तास जातात, म्हणजे ३५ अँपियर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी होते. आपल्या गाडीत मागाहून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस किंवा म्युझिक सिस्टिम थेट बॅटरीवर जोडलेली असेल आणि ती ३०० मिलिअँपियर ओढत असेल, तर हीच बॅटरी पाच दिवसांत तळाला जाते.

हे मोजण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर. तो मायनस वायरीभोवती अडकवला की काहीच सोडावे लागत नाही. साध्या मल्टिमीटरने मोजायचे असल्यास मायनस क्लॅम्प काढून, मीटर १० अँपियरच्या पट्टीवर ठेवून, खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये जोडावा; अशा जोडणीत चुकूनही सेल्फ मारू नये किंवा हेडलाइट लावू नयेत. किल्ली काढून, दारे बंद करून, रिमोटने लॉक करून गाडी किमान अर्धा तास तशीच राहू द्यावी. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण गाडीतले निरनिराळे कॉम्प्युटर एकेक करून झोपी जातात. घाईने मोजणारे नेमके येथेच फसतात. अर्ध्या तासानंतरही आकडा शंभर मिलिअँपियरच्या वर राहिला, तर फ्यूज बॉक्समधील एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा एकदम खाली येतो, त्या वायरीवर दोष आहे. फ्यूज बॉक्सकडे जाण्यासाठी दार उघडावे लागत असेल तर दाराचा खटका आधीच स्क्रू-ड्रायव्हरने बंद करून ठेवावा, नाहीतर सारी यंत्रणा पुन्हा जागी होते. डिकीतला दिवा आणि डॅशबोर्डमधल्या कप्प्यातला दिवा हे दोन चोर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाण्यापूर्वी स्वतःच पाहून घ्यावेत.

आपल्या बाबतीत दुसरेही कारण हातभार लावत असावे. दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीत सेल्फचा खर्च भरून निघतो, पण उतरलेली बॅटरी पूर्ण भरत नाही. तिचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला काही तास लागतात आणि तेवढा वेळ आपली गाडी कधी चालतच नाही. सतत १२.४ च्या खाली राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि तिची क्षमता कायमची घटते. घराच्या दारात उभी करून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा उपाय पेट्रोल जाळण्यापलीकडे फारसा कामाचा नाही. पंधरवड्यातून एकदा कोल्हापूरपर्यंत जाऊन यावे, किंवा पूर्ण भरल्यावर आपोआप थांबणारा छोटा चार्जर रात्रभर लावावा.

प्रश्न : पुण्याहून कराडला येताना खंबाटकी घाट चढत असताना बॅटरीचे लाल चिन्ह पेटले. तशीच गाडी हळूहळू साताऱ्यापर्यंत आणली. तेथील मेकॅनिकने इंजिन सुरू ठेवून बॅटरीचा क्लॅम्प काढला आणि इंजिन बंद पडल्यावर ‘डायनमो गेला’ असे सांगितले. ही तपासणी योग्य आहे का? चिन्ह पेटल्यावर गाडी थांबवायला हवी होती का?
(कराडहून एक वाचक)

उत्तर : ही तपासणी जुन्या, अल्टरनेटरऐवजी डायनमो असलेल्या गाड्यांबरोबर जायला हवी होती. आजच्या गाडीत इंजिन चालू असताना क्लॅम्प काढला की चार्जिंगच्या प्रवाहाला जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज क्षणभर उसळते. ते दाबण्याची सोय अल्टरनेटरमध्ये नसेल किंवा बिघडलेली असेल, तर ही उसळी शंभर व्होल्टच्या घरात जाऊ शकते आणि तीत इंजिनचा कॉम्प्युटर जळू शकतो. आपल्या गाडीचा अल्टरनेटर त्या वेळी काही देतच नव्हता, म्हणून नुकसान टळले. तो चांगला असता, तर तपासणीच महागात पडली असती. जे कळायचे ते मीटर लावून दहा सेकंदांत कळते: इंजिन सुरू असताना आकडा १२.४ वरून वर चढतच नाही, उलट हळूहळू उतरतो, म्हणजे चार्जिंग होत नाही.

लाल चिन्हावर बॅटरीचे चित्र असले, तरी ते चार्जिंग थांबल्याची सूचना असते. ते पेटल्याबरोबर आधी तापमानाचा काटा पाहावा. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर फिरवणारा बेल्टच पाण्याचा पंपही फिरवतो. बेल्ट तुटला असेल, तर घाटात दोन-चार मिनिटांत इंजिन उकळते आणि हेड गॅस्केटचा खर्च बॅटरीच्या कितीतरी पट होतो. काटा वर सरकत असेल किंवा स्टिअरिंग अचानक जड झाले असेल, तर सुरक्षित जागा पाहून लगेच थांबावे. बेल्ट शाबूत आणि काटा जागेवर असेल, तर एअर कंडिशनर, ब्लोअर आणि म्युझिक बंद करून, इंजिन अजिबात बंद न करता जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. पेट्रोलचा पंप, स्पार्क आणि कॉम्प्युटर मिळून दहा-पंधरा अँपियर घेतात, रात्री हेडलाइटचे आणखी दहा. भरलेली ३५ अँपियर-तासांची बॅटरी अशा वेळी दिवसा तास-दीड तास आणि रात्री त्याहून बरीच कमी साथ देते. म्हणून रात्री हा जुगार खेळू नये.

मेकॅनिकने अल्टरनेटर बदलण्याचा अंदाज सांगितला असेल, तर आधी काय गेले ते विचारावे. कार्बन ब्रश झिजणे आणि रेग्युलेटर जाणे हे दोष सर्वांत अधिक आढळतात आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते सुटे भाग बदलून देतो. डायोड (अल्टरनेटरमधल्या एसी प्रवाहाचा डीसी करणारा भाग) गेला आहे का हे पाहण्यासाठी इंजिन सुरू असताना, हेडलाइट लावून, मीटर एसी व्होल्टच्या पट्टीवर ठेवून तो बॅटरीवर लावावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला तर डायोडवर संशय घ्यावा. अल्टरनेटरवर १४.४ आणि बॅटरीवर १३.५ असा फरक दिसत असेल, तर अल्टरनेटर निर्दोष असून दोष मधल्या वायरीत किंवा तिच्या मुख्य फ्यूजच्या जोडात आहे. तेथे जास्तीत जास्त ०.३ व्होल्टचा फरक चालतो.

आणखी एक: किल्ली फिरवल्यावर, इंजिन लागण्यापूर्वी, हे लाल चिन्ह पेटलेच पाहिजे. ते मुळात पेटतच नसेल तर तोही दोषच आहे. जुन्या बांधणीच्या अनेक गाड्यांत त्याच बल्बमधून अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो.

प्रश्न : सिग्नलवर आपोआप बंद होणारी नवी गाडी आहे. सिगारेट लाइटरच्या भोकात बसवलेला मीटर कधी १४.६, कधी १२.८ दाखवतो. अल्टरनेटर खराब आहे का?
(मिरजेहून एक वाचक)

उत्तर : बहुधा नाही. अशा गाड्यांत अल्टरनेटर किती द्यायचे हे कॉम्प्युटर ठरवतो: अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला किंवा ब्रेक दाबला की व्होल्टेज वाढते, वेग घेताना ते उतरते, जेणेकरून इंजिनावरचा भार कमी होऊन इंधन वाचावे. मायनस खुंटावर बसवलेला छोटा सेन्सर बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजत असतो. हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावल्यावर आकडा साडेतेराच्या वर चढला, तर काळजीचे कारण नाही. लाइटरच्या भोकातला मीटर वायरींतील घटीमुळे दोन-तीन दशांश कमीच दाखवतो, त्यामुळे पक्के माप बॅटरीवरच घ्यावे. बॅटरी बदलताना तिच्यावर लिहिलेल्या प्रकाराचीच घ्यावी. स्वस्तातली साधी बॅटरी या गाडीत लवकर निकामी होते. बाहेरून चार्जर लावताना त्याची काळी वायर खुंटाला न लावता बॉडीच्या अर्थिंगला लावावी, म्हणजे सेन्सरच्या हिशेबात तो चार्ज धरला जातो.

प्रश्न : बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर महिन्यातून दोनदा घालावे लागते. नळाचे पाणी घातले तर चालेल का?
(सांगलीवाडीहून एक वाचक)

उत्तर : चालणार नाही, नळाच्या पाण्यातील क्षार आणि क्लोरिन प्लेटांना बाधतात. पण इतके पाणी लागणे हाच मुळात दोष आहे. सहाही सेलमधले पाणी सारखेच उतरत असेल, तर इंजिन सुरू असताना व्होल्टेज मोजावे. ते १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी जास्त चार्ज होत आहे आणि तो बदलेपर्यंत पाणी घालण्यात अर्थ नाही. पाणी एकाच सेलमधले उतरत असेल, तर त्या सेलखालचा ट्रे पाहावा. तो ओला असल्यास डब्याला तडा गेला आहे. तो कोरडा असल्यास त्या सेलमध्ये आतूनच दोष असावा आणि बॅटरी बदलणे भाग आहे.